पियानो विकणे आहे

जुन्या वस्तू विकणाऱ्या कुठल्याही ॲपवर ‘पियानो’ असं टाकलं की थोड्याफार फरकाने हीच जाहिरात समोर येते:

‘डिजिटल पियानो विकणे आहे. टच सेन्सिटिव्ह. ८८ कीज. वेटेड हॅमर ॲक्शन. ६४ पॉलिफोनी. मिडी. पेडल आणि स्टँडसह. फारसा वापरला नाही. मुलगा बारावीला गेल्यामुळे विकत आहोत. स्वतः येऊन न्यावा.’

फोटोत पियानो भिंतीला लागून उभा असतो आणि त्याच्या एका टोकाला इस्त्रीच्या कपड्यांची चळत असते.

ज्याला शिकायचंय, हातात मोजके पैसे आहेत आणि घरात विचारायला कुणी नाही, त्याला ही जाहिरात परक्या भाषेतली वाटते. यातल्या कुठल्या शब्दासाठी पैसे मोजायचे आणि कुठला सोडून द्यायचा? दुकानदार म्हणतो, सगळंच हवं. मित्र म्हणतो, शिकायला काय, साधा कॅसिओ घे. निवड चुकली तर पैसे जातातच, पण त्याहून वाईट गोष्ट पुढे होते. वाद्य साथ देत नसेल तर नवशिक्या वाद्याला दोष देत नाही. ‘आपल्याच बोटांत काही नाही’ असं ठरवून तो उठतो, आणि सहसा परत बसत नाही.

म्हणून ही जाहिरात जरा वेगळ्या पद्धतीने वाचू. तिच्यातल्या प्रत्येक शब्दाला जन्मसाल आहे. प्रत्येक शब्द कधी ना कधी कुणाच्या तरी अडचणीतून आला. ती अडचण कळली की तो शब्द आपल्या कामाचा आहे की नाही, हेही कळतं.

टच सेन्सिटिव्ह

सतराव्या शतकाच्या अखेरीस युरोपात कीबोर्ड म्हटलं की मुख्यतः हार्पसिकॉर्ड. की दाबली की आत पिसाच्या देठाचं टोक तार छेडायचं. की हळू दाबा नाहीतर आपटा, आवाज जवळपास तेवढाच. क्लॅव्हिकॉर्ड नावाच्या दुसऱ्या वाद्याला बोटांचा जोर कळायचा, पण त्याचा आवाज इतका बारीक की चार माणसं जमली तर मागच्याला ऐकू येणं मुश्कील. गायकाला आवाज चढवता-उतरवता येतो, व्हायोलिनवाल्याला येतो. कीबोर्डवाल्याने काय करायचं?

फ्लॉरेन्समध्ये मेदिची घराण्याच्या पदरी बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी नावाचा कारागीर होता. राजपुत्र फेर्दिनांदोच्या वाद्यांची देखभाल हे त्याचं काम. मेदिचींच्या वाद्यांच्या १७०० सालच्या यादीत त्याच्या एका नव्या वाद्याची नोंद सापडते: हळू आणि जोरात वाजणारा हार्पसिकॉर्ड. इटालियनमध्ये हळूला ‘पियानो’ आणि जोरातला ‘फोर्ते’ म्हणतात. पुढे त्या लांबलचक नावाचं ‘पियानो’ एवढंच उरलं.

क्रिस्तोफोरीने तार छेडण्याऐवजी तिच्यावर हातोडी मारली. हे ऐकायला सोपं वाटतं. पण हातोडी तारेला चिकटून राहिली तर आवाज जागीच मरतो. म्हणून की खाली धरलेली असतानाही हातोडी तारेला लागून ताबडतोब मागे पडली पाहिजे. त्यासाठी त्याने अशी रचना केली की की हातोडीला शेवटपर्यंत ढकलत नाही, तर तिला फेकते. शेवटचं इवलंसं अंतर हातोडी स्वतःच्या वेगाने जाते. याचा अर्थ, वाजवणाऱ्याच्या हातात एकच गोष्ट उरते: हातोडीचा वेग. पियानोवर आवाजाचा जो काही चढउतार आपण ऐकतो, तो या वेगातून येतो.

डिजिटल पियानोत तार नसते, पण मोजमाप वेगाचंच होतं. प्रत्येक कीखाली कमीत कमी दोन स्पर्शबिंदू असतात. की खाली जाताना आधी एक जुळतो, मग दुसरा. दोन्हींमधला वेळ कमी असेल तर तुम्ही जोरात वाजवलंत, जास्त असेल तर हळू. हा हिशेब करणारा पियानो म्हणजे ‘टच सेन्सिटिव्ह’. तारांशिवाय, नुसत्या इलेक्ट्रॉनिक्सवर हे साधणारा पहिला पियानो रोलँड कंपनीने १९७४ साली आणल्याचं मानलं जातं.

आपल्याकडे हा मुद्दा जास्त महत्त्वाचा, कारण आपल्या घरांतला कीबोर्ड म्हणजे पेटी. पेटीत आवाजाचा जोर भात्यातून येतो. पट्टी कितीही जोरात दाबली तरी फरक पडत नाही. पेटीवर बसलेला हात म्हणून साध्या, टच नसलेल्या कीबोर्डवर सुखाने रमतो. त्याला काही कमी आहे असं वाटतच नाही. पण पियानो शिकायचा असेल तर तो हात जे शिकायला हवं नेमकं तेच शिकत नाही. टच नसलेला कीबोर्ड कितीही स्वस्त मिळाला, तरी पियानोचा विद्यार्थी म्हणून तो घेऊ नये. जाहिरातीतला हा पहिला शब्द सोडून देता येत नाही.

८८ कीज

क्रिस्तोफोरीचे तीन पियानो आजही अस्तित्वात आहेत. १७२० सालचा न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन म्युझियममध्ये आहे. त्याला ५४ कीज आहेत. रोम आणि लाइपझिगमधल्या दोघांना त्याहून कमी.

मोझार्टकडे व्हिएन्नाच्या आंतोन वाल्टरने बनवलेला पियानो होता. त्याच्या कीज होत्या ६१. हा आकडा ओळखीचा वाटला असेल, कारण दुकानातल्या बहुतेक नवशिक्यांच्या कीबोर्डला आज एवढ्याच कीज असतात: पाच सप्तकं आणि वर एक. पियानोसाठी लिहिलेलं मोझार्टचं संगीत एवढ्या जागेत बसायचं. पुढे बीथोवनच्या हयातीत वाद्य दोन्ही बाजूंनी लांबत गेलं. लंडनच्या ब्रॉडवुड कंपनीने त्याला १८१७ साली भेट पाठवलेला पियानो सहा सप्तकांचा होता. आजचा ८८ हा आकडा एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत रुळला आणि नंतर जवळपास कुणी त्याला हात लावला नाही.

तेव्हा ६१ कीजवर मोझार्ट वाजतो, हे खरं. पण ‘मग माझा ६१ कीजचा कीबोर्डही चालेल’ असा निष्कर्ष काढण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी: मोझार्टच्या ६१ही कीजना हातोड्या होत्या. दुकानातल्या ६१ कीजच्या स्वस्त कीबोर्डमध्ये कीखाली बहुधा फक्त स्प्रिंग असते. कीजचा आकडा आणि कीजचा स्वभाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि जाहिराती पहिलीवर जोर देतात, कारण आकडा फोटोत दिसतो.

पहिल्या वर्षभराच्या धड्यांत टोकाच्या कीजना हातही लागत नाही. तरीही जुन्या बाजारात ८८ घ्यायला हरकत नाही, कारण हातोडीचा भार असलेले डिजिटल पियानो बहुतेक याच मापात येतात. पण समोर ८८ हलक्या कीज आणि ७३ किंवा ७६ वजनदार कीज असे दोन पर्याय आले, तर दुसरा घ्यावा.

वेटेड हॅमर ॲक्शन

मोझार्टच्या पियानोची चौकट लाकडी होती, तारा बारीक होत्या आणि कीज आजच्या मानाने खूपच हलक्या. मग जड कीज आल्या कुठून?

मोठ्या सभागृहांतून. श्रोते वाढले तसा आवाज वाढवायला हवा होता. त्यासाठी जाड तारा, त्या ताणायला जास्त जोर, आणि तो जोर लाकडाला पेलेना. १८२५ साली बॉस्टनच्या अल्फियस बॅबकॉकने अखंड ओतीव लोखंडी चौकटीचं पेटंट घेतलं. आजच्या मोठ्या पियानोत सगळ्या तारांचा मिळून ताण जवळजवळ २० टनांपर्यंत जातो. अशा तारा हलवायला जड हातोड्या लागतात, आणि जड हातोडी फेकायला बोटांना जास्त जोर. आज पियानोची एक की हळूच खाली नेण्यासाठी सुमारे ५० ग्रॅम वजन लागतं. मंद्र सप्तकाच्या हातोड्या मोठ्या, म्हणून डावीकडच्या कीज जड. उजवीकडे जाऊ तशा हलक्या.

डिजिटल पियानोत ना जाड तारा, ना लोखंडी चौकट. तिथे की जड असण्याचं यांत्रिक कारणच नाही. तरी आत प्रत्येक कीला जोडलेलं एक वजन मुद्दाम बसवलेलं असतं. की दाबली की ते वर उडतं आणि नमद्याच्या पट्टीवर आपटतं. त्या आपटण्याला काही वाजवायचं नसतं. ते फक्त तुमच्या बोटांना खऱ्या हातोडीची सवय लावतं, म्हणजे उद्या वर्गातल्या किंवा परीक्षेच्या हॉलमधल्या खऱ्या पियानोवर बसलात तर हात गांगरणार नाही. मुंबई-पुण्यात ट्रिनिटी किंवा असोसिएटेड बोर्डाच्या परीक्षा देणाऱ्यांना हे लवकर कळतं.

जाहिरातीत इथे एक मेख असते. ‘सेमी-वेटेड’ म्हणजे थोडी जास्त घट्ट स्प्रिंग. नुसतं ‘वेटेड’ लिहिलं असेल तर विचारायचं: हातोडी आहे का? ‘हॅमर ॲक्शन’ हे दोन शब्द मॉडेलच्या माहितीपत्रकात असायला हवेत. विकणाऱ्याला सहसा माहीत नसतं. मॉडेल नंबर मागून आपणच पाहावं.

इलेक्ट्रिक पियानोच्या इतिहासातली एक हकिकत इथे सांगायला हवी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतला पियानोशिक्षक हॅरॉल्ड ऱ्होड्स सैन्याच्या इस्पितळात जखमी सैनिकांना शिकवत होता. अंथरुणात पडलेल्या माणसापुढे पियानो नेणार कसा? त्याने बी-१७ विमानांच्या भंगारातल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या कापल्या, त्यांच्यावर आपटणाऱ्या हातोड्या बसवल्या आणि मांडीवर मावेल असा छोटा पियानो केला. तारा टाकून दिल्या, पण हातोडी ठेवली. पुढे याच धाग्यातून ऱ्होड्स पियानो आला आणि साठ-सत्तरच्या दशकांतल्या जॅझ आणि पॉपमध्ये सर्वत्र ऐकू येऊ लागला. भंगारातून वाद्य करणाऱ्या माणसालाही काय टाकायचं आणि काय ठेवायचं हे ठरवावं लागलंच. जुना पियानो घेणाऱ्यालाही तेच ठरवायचं असतं.

६४ पॉलिफोनी

पॉलिफोनी म्हणजे यंत्र एका वेळी किती सूर सांभाळू शकतं. बोटं दहाच, मग ६४ कशाला? पेडलमुळे. उजवं पेडल दाबलं की सोडलेले सूरही वाजत राहतात. नवे सूर त्यांच्यावर चढत जातात. यंत्राची मर्यादा संपली की जुना सूर मध्येच गळून पडतो. शिवाय बऱ्याच पियानोंत डाव्या आणि उजव्या स्पीकरसाठी आवाज वेगळा साठवलेला असतो, त्यामुळे एका सुराला दोन जागा लागतात.

हा आकडा स्मृतीच्या किमतीशी बांधलेला आहे. खऱ्या पियानोचा एकेक सूर रेकॉर्ड करून तो कीखाली ठेवायचा, ही कल्पना सुचणं सोपं होतं. १९८०च्या आसपास तेवढी मेमरी विकत घेणं अवघड होतं. रे कर्झवाइल यांनी १९७६ साली अंधांना पुस्तकं वाचून दाखवणारं यंत्र बनवलं होतं. ते घेणाऱ्या सुरुवातीच्या ग्राहकांत गायक स्टीव्ही वंडर होता. नव्या इलेक्ट्रॉनिक वाद्यांना खऱ्या वाद्यांचा आवाज का देता येऊ नये, या त्याच्याशी झालेल्या बोलण्यातून १९८४ सालचा कर्झवाइल २५० जन्मला. त्याचा पियानो ऐकून लोक थक्क झाले. त्याची पॉलिफोनी होती १२, आणि किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर.

आज ६४ ही पायरी सर्वांत खालची समजली जाते. यामाहाच्या २०१५ सालच्या पी-४५ मध्ये एवढीच आहे आणि त्यावर असंख्य जण शिकले. नवशिक्याला ६४ भरपूर झाली. जुन्या पियानोत ३२ असली तरी पहिली दोन वर्षं अडत नाही. १९२ किंवा २५६ या आकड्यांसाठी जादा पैसे मागणाऱ्याला नम्रपणे नमस्कार करावा. तेच पैसे चांगल्या कीजवर, नाहीतर शिकवणीवर लावावेत.

मिडी

जाहिरातीतला हा शब्द बहुतेक जण वाचतच नाहीत. जुना डिजिटल पियानो घेण्यात शहाणपण आहे, याचं मुख्य कारण मात्र याच शब्दात आहे.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला प्रत्येक कंपनीची वाद्यं आपापल्या भाषेत बोलायची. रोलँडचे इकुतारो काकेहाशी आणि सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ यांनी इतर कंपन्यांना सोबत घेऊन एक समान भाषा ठरवली. जानेवारी १९८३ मध्ये अमेरिकेतल्या प्रदर्शनात दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे सिंथेसायझर एका तारेने जोडले गेले. एकावर वाजवलेलं दुसऱ्यातून ऐकू आलं. ही भाषा वापरायला कुणाकडून शुल्क घ्यायचं नाही, असं ठरलं. २०१३ साली या कामासाठी दोघांना टेक्निकल ग्रॅमी मिळाला.

मिडी आवाज पाठवत नाही, कृती पाठवते: कुठली की, केव्हा, किती वेगाने. वेगासाठी १ ते १२७ असे आकडे आहेत. क्रिस्तोफोरीच्या हातोडीचा वेग शेवटी असा आकड्यांत आला.

आपल्या खरेदीशी याचा संबंध असा. दहा वर्षांपूर्वीचा फोन आज जवळपास निरुपयोगी असतो. पंधरा वर्षांपूर्वीचा डिजिटल पियानो तसा होत नाही. त्याच्या आतला आवाज जुनाट वाटला तर मिडीच्या तारेने तो फोनला किंवा लॅपटॉपला जोडता येतो आणि नवा आवाज तिथून घेता येतो. आवाज बदलता येतो. कीज बदलता येत नाहीत. म्हणून पैसे कीजसाठी मोजायचे. पाठीमागे यूएसबीचं भोक असेल तर काम सोपं, पाच टाचण्यांची जुनी गोल खोबण असेल तर एक छोटा ॲडॅप्टर लागतो.

विकणे आहे

आता किमतीकडे. पियानो स्वस्त करण्याची धडपड पियानोइतकीच जुनी आहे. १७६०च्या दशकात लंडनमध्ये योहानेस झुम्पे या जर्मन कारागिराने छोटे, चौकोनी, टेबलासारखे पियानो करायला घेतले. यंत्रणा साधी, जागा कमी, किंमत हार्पसिकॉर्डहून बरीच खाली. मध्यमवर्गीय घरांत पियानो शिरला तो या दाराने. एकोणिसाव्या शतकात भिंतीला लागून उभा राहणारा पियानो आला आणि पाठोपाठ हप्त्याने विक्री. अमेरिकेत १९०९ साली साडेतीन लाखांहून जास्त पियानो बनले. तो कळस होता. मग ग्रामोफोन, रेडिओ आणि मंदीने तो उतरवला.

त्या भरभराटीतलीच एक गोष्ट. चौकोनी पियानो जुने झाले होते, पण घराघरांत होते, आणि नवा पियानो घेताना लोक ते बदल्यात देऊ पाहायचे. गरजू माणसं स्वस्तात जुनेच विकत घ्यायची. १९०४ साली अटलांटिक सिटीत पियानो व्यापाऱ्यांच्या मेळाव्यात जुन्या चौकोनी पियानोंचा ढीग रचून त्यांची होळी केली गेली. जुना माल बाजारात राहिला तर नवा खपणार नाही, ही भीती त्यामागे होती. ‘जुनं घेऊ नका, नवंच घ्या’ असा सल्ला विक्रेत्याकडून आला तर ही होळी जरूर आठवावी.

अर्थात जुना खरा पियानो घेणं ही आपल्या हवामानात वेगळीच परीक्षा आहे. ब्रिटिश काळात हिंदुस्थानासाठी खास ‘ट्रॉपिकल’ बांधणीचे पियानो यायचे. नुसत्या सरसावर भिस्त न ठेवता सांध्यांना पितळी स्क्रू मारलेले. तरी पावसाळ्यात लाकूड फुगायचं, नमदा ओल धरायचा, तारा गंजायच्या. उभा पियानो दोनशे किलोंच्या आसपास भरतो. ‘फुकट घेऊन जा’ म्हणून मिळालेला पियानो तिसऱ्या मजल्यावर चढवणं, सुरात आणणं आणि सुरात ठेवणं यात फुकटपणा उरत नाही. म्हणून पियानो आपल्याकडे फार थोड्या घरांत राहिला. मुंबईत १८६५ साली सुरू झालेलं फुर्टाडोसचं दुकान आजही धोबीतलावला आहे. पण बहुतेक मराठी घरांनी पियानो पाहिला तो पडद्यावर. १९४९च्या ‘अंदाज’मध्ये दिलीपकुमार पियानोवर बसून गातो, आणि ते घर श्रीमंतांचं आहे हे वेगळं सांगावं लागत नाही.

आपल्या वाट्याला पेटी आली. पॅरिसच्या अलेक्झांडर दबँने १८४०च्या दशकात हार्मोनियमचं पेटंट घेतलं. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिचे पाय काढून, भाता मागे घेऊन ती जमिनीवर बसणाऱ्या माणसाच्या मांडीपुढे आणली. नाटकमंडळ्यांनी ती मराठी मुलखात गावोगाव नेली. तिचे बारा पक्के सूर आपल्या श्रुतींना धरून नाहीत, हा वाद तेव्हापासूनचा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला २२ श्रुतींची पेटी करण्याचा खटाटोप केला. आकाशवाणीने तर १९४० साली पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं. लोक पेटी वाजवतच राहिले, कारण ती परवडत होती, उचलून नेता येत होती आणि सुरात राहत होती.

योगायोग असा की जपानची कथाही अशाच भात्याच्या वाद्यापासून सुरू होते. १८८७ साली हामामात्सुच्या एका शाळेतला अमेरिकन रीड ऑर्गन बिघडला. तो दुरुस्त करायला तोराकुसु यामाहा नावाच्या माणसाला बोलावलं. त्याने तो उघडला, दुरुस्त केला, मग तसाच स्वतः बनवला आणि सूर तपासून घेण्यासाठी डोंगर ओलांडून तोक्योला नेला. तिथे सूर चुकल्याचं कळल्यावर सूरशास्त्र शिकून परत नवा बनवला. १९०० साली त्याच्या कंपनीने पियानो केला. त्याच देशात कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या काशिओ बंधूंनी १९८० साली कॅसिओटोन आणला. आपल्याकडे तो इतका पसरला की लोक अजूनही कुठल्याही कंपनीच्या कीबोर्डला ‘कॅसिओ’ म्हणतात. २००३ साली याच कंपनीने प्रिव्हिया ही मालिका काढली: ८८ कीज, हातोडीचा भार, उचलता येईल एवढं वजन आणि मध्यमवर्गाला झेपेल अशी किंमत. तेव्हापासून अशा सडपातळ पियानोंची रांग लागली, आणि आज फोनवर दिसणाऱ्या बहुतेक जाहिराती त्या रांगेतल्याच आहेत.

या इतिहासात एक सल्लाही आहे. तुम्हाला अभंग आणि नाट्यपदं गायची असतील तर पेटी घ्या. पियानो त्या कामाला कमी पडेल. दोन हातांनी वेगवेगळं वाजवायचं असेल, नोटेशन वाचायचं असेल, हार्मनी समजून घ्यायची असेल, तर पियानो. आधी संगीत ठरवावं, मग वाद्य.

स्वतः येऊन न्यावा

ही अट विकणाऱ्याने सोयीसाठी घातली असली तरी ती तुमच्या फायद्याची आहे. न बघता घेऊ नका. जाण्याआधी तेच मॉडेल, किंवा त्याच्या जागी आलेलं नवं मॉडेल, आज दुकानात कितीला मिळतं ते पाहून ठेवा. विकणारा बहुधा त्याने मोजलेली किंमत धरून बसलेला असतो. स्वतःचा हेडफोन न्या.

तिथे गेल्यावर डावीकडून उजवीकडे सगळ्या कीज एकेक करून वाजवा, आणि शक्य तितक्या हळू. नवखा माणूस घासाघीस करताना जोरात वाजवून बघतो. जोरात सगळ्याच वाजतात. दोष हळू वाजवताना कळतो. कीखालच्या दोन स्पर्शबिंदूंपैकी एकावर धूळ किंवा गंज बसला असेल, तर वेगाचा हिशेब चुकतो आणि हळू दाबलेली की एकदम ओरडते, किंवा मुकीच राहते. एखाद-दुसरी की अशी असेल तर आत साफसफाई करून किंवा रबरी पट्टी बदलून काम भागतं. तेवढी किंमत कमी करून मागा. दहा कीज अशा असतील तर नमस्कार.

मग सगळ्या कीज एका ओळीत आहेत का ते डोळा खाली नेऊन पाहा. आवाज बंद करून वाजवा आणि नुसता ठकठकाट ऐका. एखादी की जास्त आपटत असेल तर तिच्याखालचा नमदा गेलाय. हाच ठकठकाट हेडफोन लावल्यावरही खालच्या मजल्यावर जातो, तेव्हा स्टँडखाली जाड सतरंजी लागेल. पेडल दाबून पाहा, हेडफोनच्या भोकात तार हलवून खरखर येते का ते ऐका. ॲडॅप्टर मूळचा आहे का, आणि पाठीमागच्या पट्टीवर किती व्होल्ट लिहिलेत ते वाचा. जपानच्या घरगुती बाजारासाठी बनलेलं, १०० व्होल्टचं यंत्र आपल्या २३० व्होल्टला थेट लावलं तर त्याचं आयुष्य तिथेच संपेल.

एवढं झाल्यावर आवाजांची यादी, नाचरे ताल, चमकते दिवे यांकडे हवं तर पाहा. पैसे त्यांचे नाहीत.

मुलगा बारावीला गेला

जाहिरातीतलं हे एकच वाक्य यंत्राबद्दल नाही. पण पियानोच्या इतिहासात असं वाक्य फार जुनं आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या घरांत मुलींना पियानो शिकवला जायचा, आणि लग्न होऊन घर-मुलं आली की अनेकींचं झाकण बंद व्हायचं. वाद्य दिवाणखान्यात राहायचं, त्याच्यावर फुलदाणी यायची. आपल्याकडे फुलदाणीच्या जागी इस्त्रीचे कपडे आले आणि लग्नाच्या जागी बारावी.

तुम्हालाही तीच धास्ती असते: आपलंही असंच झालं तर? होऊ शकतं. पण जुना पियानो घेण्यातला दिलासा असा की त्याची किंमत उतरायची ती बरीचशी पहिल्या मालकाकडे उतरून गेलेली असते. वर्षभराने तुम्हाला विकावा लागला तर तुम्ही फार गमावत नाही. नवा घेणाऱ्याला ‘आता पैसे घातलेत तर शिकलंच पाहिजे’ अशा ओझ्याखाली बसावं लागतं. तुम्हाला बसावं लागत नाही, आणि ओझं नसताना माणूस बहुधा जास्त दिवस बसतो.

क्रिस्तोफोरी १७३१ साली फ्लॉरेन्समध्ये वारला. त्याच्या वाद्यासाठी मोठे संगीतकार लिहू लागले ते त्याच्या मरणानंतर अनेक वर्षांनी. आज त्याची हातोडी प्लॅस्टिकच्या पेटीत, तारांशिवाय, कुणाच्या तरी हॉलच्या कोपऱ्यात कपड्यांच्या चळतीखाली पडून आहे.

पैसे देण्याआधी ती चळत बाजूला करायला सांगा. मधली एक की घ्या आणि जितकी हळू दाबता येईल तितकी दाबा. अगदी बारीक आवाज आला तर आणखी हळू दाबून बघा. दुसऱ्या वेळी तो त्याहून बारीक आला, तर टेम्पोवाल्याला फोन लावायला हरकत नाही.